आईचा चीक

१२ एप्रिल

आज गच्चीवर पाच किलो गव्हाच्या कुरडया पडल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. जळगावात एप्रिलमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, नवानंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. म्हणून सत्तरी ओलांडलेली आई पहाटे चारला गॅसपाशी उभी होती आणि तिच्याबरोबर सगळं घर.

आईचं कौतुक करताना लोक तिच्या कष्टांबद्दल बोलतात. मला तिच्या जाणतेपणाबद्दल लिहायचं आहे. ती दरडावते, ओरडते, हातातलं काम काढून घेते. पण त्या प्रत्येक ओरडण्यामागे कारण असतं आणि विचारलं तर ती ते सांगतेही.

गहू लोकवनच घेते. बुधवारी भिजत घातला, रोज पाणी बदललं. उन्हाळ्यात तीन दिवस पुरतात. दाणा चिमटीत दाबला की टरफल सरकून पांढरं दूध आलं पाहिजे. गहू नीट आंबला नाही तर त्यातला चिकटपणा सुटत नाही, चीक, म्हणजे गव्हाचं पांढरं सत्त्व, चोथ्यातच अडकून बसतो. आणि पाणी बदलायचा आळस केला तर कुरडईला असा वास धरतो की तळल्यावरही जात नाही, शिवाय रंग करडा होतो.

शनिवारी वाटण झालं. मिक्सर ती थांबून थांबून फिरवते. गहू फार बारीक झाला की कोंडाही बारीक होऊन चिकात उतरतो आणि कुरडईवर तांबूस ठिपके दिसतात. वाटलेलं पाण्यात चोळून आधी चाळणीतून, मग पातळ पंच्यातून गाळायचं. चोथा पुन्हा पुन्हा पाण्यात चोळायचा, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. उरलेल्या चोथ्यात तिखट, मीठ, तीळ घालून तिने लगेच भुसवड्या घातल्या.

रात्रभर पातेल्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळी चीक तळाशी बसलेला असतो. वरचं निवळ पाणी वाटीने काढायचं. पातेलं तिरकं केलं की वरचा पातळ चीक पाण्याबरोबर निघून जातो. याच टप्प्यावर आई दारात जाऊन आभाळ बघते. ढग असतील तर चिकावर ताजं पाणी घालून एक दिवस थांबते. अवकाळीच्या दिवसांत ओल्या कुरडया पसरून बसण्यापेक्षा ते बरं.

खरी आई दिसते ती चीक घाटताना. जेवढा दाट चीक, तेवढंच पाणी उकळायला ठेवायचं. त्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. मीठ चवीला कमी वाटेल इतकंच, कारण वाळताना पाणी उडतं, मीठ आहे तेवढंच राहतं. मग एकीने बारीक धारेने चीक सोडायचा आणि आईने घाटायचं. धार मोठी पडली तर गुठळ्या होतात. गुठळी आतून कच्ची राहते आणि पुढे सोऱ्याच्या जाळीत अडकते. दोन मिनिटांत चीक इतका घट्ट होतो की लाकडी दांडा धरून ठेवतो, पातेलं स्वतःभोवती फिरायला लागतं. दोघींनी फडक्याने पातेलं दाबून धरलं होतं आणि आई पदर खोचून, दोन्ही हातांनी, कमरेतून जोर लावत घाटत होती. "मनगटाने नाही, खांद्याने!" हे तिने सुनेला सांगितलं तेव्हा तिचा स्वतःचा दांडा एकदाही थांबला नव्हता.

दुधाळ रंग जाऊन चीक काचेसारखा झाला की झाकण ठेवून मंद आचेवर वाफ. मग बोट पाण्यात बुडवून चिकाला लावायचं. काही चिकटलं नाही तर शिजला. पाहुणे दारात उभे असले तरी ही परीक्षा ती सोडत नाही. कच्च्या चिकाची कुरडई वाळताना तडकते, तेलात फुलत नाही, दाताखाली कडक लागते. शिजलेल्या पहिल्या चिकाच्या वाट्या पोरांना, कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल-तिखट.

सोऱ्यात चीक गरमच भरायचा. गार झाला की घट्ट होतो, मग दाबून हात भरून येतात आणि तार तुटते. गोल फिरवत, मध्ये थोडी जागा ठेवून कुरडई पाडायची. दाटीवाटी केली की आत ओल राहते आणि डब्यात बुरशी येते. संध्याकाळी उलटवायच्या, उद्या पुन्हा कडक ऊन. मोडलेला चुरा वेगळा ठेवते. भिजवून कांदा-मिरचीच्या फोडणीत त्याची भाजी फार सुरेख होते.

गल्लीतल्या बायकांची सावड आहे, आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. क्रम आई लावते. लग्नघर पहिलं, मग जिच्याकडे हाताखाली कुणी नाही ती, आपलं घर शेवटी. यावर वाद घालायला कुणी धजावत नाही.

वडील गेल्यावर याच सोऱ्यावर तिने घर चालवलं, मुलींची शिक्षणं केली. रुखवतासाठी रंगीत कुरडया, आखाजीसाठी पांढऱ्या, सगळ्या ऑर्डरी तोंडपाठ. आजही किलोचा भाव एकच. दुपारी एक बाई आल्या, "जरा कमी करा ना" म्हणाल्या. आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि लोकवनच्या भावापासून हिशेब सांगायला सुरुवात केली. गहू, गॅस, तेल, तीन दिवसांचं भिजवणं, पहाटेचे चार हात, दोन दिवसांचं ऊन, आणि पाच किलोतून हाती येतं ते किती. आवाज चढला नाही, भाव उतरला नाही. बाईंनी दोन किलो सांगितले होते, जाताना तीन लिहून गेल्या.