फॉरवर्डमधला दंड आणि फोल्डरमधले तीन करार

‘नवे भाडेनियम लागू’ असा एक फॉरवर्ड मध्यंतरी घरमालकांच्या ग्रुपांवर फिरत होता. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येणार नाही, नोंदणी केली नाही तर पाच हजार दंड वगैरे. तो वाचून कोथरूडचे एक निवृत्त काका माझ्याकडे आले. भाड्याने दिलेले तीन फ्लॅट, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तीन करार, आणि जादा अनामत परत करायला भाडेकरूंच्या नावे लिहूनच आणलेले तीन चेक.

चेक आधी बाजूला ठेवायला लावले. दोन महिन्यांची ती मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली. तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय इथल्या करारांना लागत नाही. आपल्याकडे चालतो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. गंमत म्हणजे ‘नवा’ म्हणून फिरणारा पाच हजारांचा दंड त्याच्या कलम ५५ मध्ये आधीपासूनच आहे, तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेच्या तरतुदीसकट. नोंदणीची जबाबदारीही घरमालकाचीच.

काकांचे तिन्ही करार पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, नुसते नोटरी केलेले. “अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, असं एजंट म्हणाला.” ही समजूत वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्यांना नोंदणी कायद्यात असलेल्या सवलतीतून आलेली. काकांचे करार होते लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणारे, आणि कलम ५५ त्यांना अशी सूट देत नाही. माझ्या मते दंडापेक्षा जाचक भाग पुढे आहे: नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. करार नीट असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते.

जुने करार आता नोंदवताही येत नव्हते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त सादर करावा लागतो आणि ती मुदत केव्हाच उलटली होती. अशा वेळी मागची तारीख टाकण्याची आयडिया कुणीतरी देतोच. ती ऐकू नये. आजच्या तारखेचा नवा करार करायचा, जुना संपुष्टात आल्याचं त्यात लिहायचं आणि अनामत कधी, कोणत्या व्यवहाराने मिळाली तेही नोंदवायचं.

पहिल्या फ्लॅटचा हिशेब असा झाला: मुदत २४ महिने, पहिल्या वर्षी भाडं २८,०००, दुसऱ्या वर्षी २९,५००, म्हणजे एकूण ६,९०,०००. परतीची अनामत दीड लाख. तिच्यावर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे ३०,०००. बेरीज ७,२०,०००, त्याच्या पाव टक्का म्हणजे १,८०० रुपये मुद्रांक शुल्क. शहरी भागात नोंदणी फी १,०००.

इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीदस्ताचा सरकारी गोषवारा, काढल्यावर दिसलं, दोन फ्लॅट काकूंच्याही नावावर आहेत, पण करारात त्यांचं नावच नाही. त्यांना पक्षकार केलं, तर ऑनलाइन नोंदणीला मशीन अंगठा घेईना. बोटं पुसून झाली, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. वयोमानाने ठसे पुसट झाले असतील, असंच सगळे धरून बसले होते. कारण निघालं वेगळंच: फसवणुकीच्या बातम्या वाचून लेकीने आईच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं होतं. ॲपमधून ते तात्पुरतं उघडलं आणि पहिल्याच दाबाला ठसा गेला.

खरा बदल मात्र कराचा होता, आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नव्हतं. काका तिन्ही फ्लॅटचं भाडं ‘व्यवसाय’ म्हणून दाखवून त्यातून रंगकाम, दलाली, मेंटेनन्स वजा करायचे. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून, म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नापासून, राहण्यासाठी भाड्याने दिलेल्या घराचं भाडं मालकाला ‘घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न’ याच शीर्षकाखाली दाखवावं लागतं. स्वतः भरलेला महापालिकेचा मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग खर्च कितीही झालेला असो. गृहकर्जाचं व्याज वेगळं.

बाणेरच्या फ्लॅटचं भाडं ५५,०००. महिन्याला ५० हजारांवर भाडं गेलं की भाडेकरूनेच कर कापायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर ५ वरून २ टक्क्यांवर आला. ही कपात दरमहा नसते. मार्चमध्ये, किंवा आधी जागा सोडली तर शेवटच्या महिन्यात, एकदाच होते. पूर्ण वर्षाचे १३,२०० रुपये त्या महिन्याच्या भाड्यातून कमी येणार, हे काकांना आधीच सांगून ठेवलं. भाडेकरूकडे काकांचा पॅन आहे ना, तेही पाहिलं. तो नसेल तर दर २० टक्क्यांवर जातो.