चाळीस जीबीची वाटणी

सोमवार, संध्याकाळ. बाहेर पाऊस.

एकाच डिस्कवर डॉस ६.२२, विंडोज ९८ सेकंड एडिशन, विंडोज एक्सपी आणि डेबियन लिनक्स अशा चार ऑपरेटिंग सिस्टिम बसवायच्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक) का नको? नुसता जुना डॉस बघायचा असेल तर जरूर तेच करावं. पण उद्यमनगरातल्या वर्कशॉपात सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कापकामाच्या यंत्राला) सिरियल केबलनं प्रोग्रॅम पाठवणारं डॉसचं सॉफ्टवेअर असतं. प्रेसमध्ये पेजमेकरच्या जुन्या फायली आणि प्रिंटर पोर्टला खोचायचं, सॉफ्टवेअरची नक्कल रोखणारं लॉक असतं. तिथं खरं मशीनच लागतं. डॉस आणि ९८ मधला प्रोग्रॅम पोर्टाशी थेट बोलतो. एक्सपीत मध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) उभा असतो, त्यामुळे वेळेचं गणित चुकतं किंवा लॉक सापडतच नाही.

मशीन पेंटियम ४ च्या काळातलं, रॅम ५१२ एमबी. जास्त रॅम टाकायचा मोह आवरलेला बरा, कारण ५१२ च्या वर गेलं की ९८ च्या डिस्क कॅशचा गोंधळ सुरू होतो. मग सिस्टिम.आयएनआय मध्ये व्हीकॅशखाली मॅक्सफाइलकॅशची मर्यादा लिहून द्यावी लागते.

डिस्क ४० जीबीची आयडीई. मोठी सहज मिळते, पण ६४ जीबीच्या वर ९८ चं मूळ एफडिस्क (डिस्कचे भाग पाडायचं साधन) आकार चुकीचा दाखवतं (७० ची डिस्क ६ ची दिसते) आणि १३७ जीबीच्या पलीकडे ९८ चा आयडीई ड्रायव्हर जात नाही. सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीचीही तीच हद्द आहे. ४० मध्ये यातली एकही कटकट नाही.

रात्री, कागद-पेन्सिल.

हे काम खरं तर कागदावरच होतं. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे एमबीआर, ५१२ बाइटचा: ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी), शेवटी दोन बाइटची खूण. त्या ६४ बाइटात १६-१६ च्या फक्त चार नोंदी मावतात. हाच डिस्कचा सातबारा. यातला प्रत्येक वारस, म्हणजे प्रत्येक सिस्टिम, सगळं रान आपलंच समजतो, म्हणून हद्दी आधी ठरवायच्या आणि गरज पडेल तिथं एकमेकांपासून लपवायच्या.

ठरलेली वाटणी अशी. पहिलं प्रायमरी (थेट त्या चारपैकी एका नोंदीतलं) पार्टिशन डॉसला, ५०० एमबी, फॅट१६ (फायली मांडायची पद्धत; पुढची फॅट३२ आणि एनटीएफएसही तशाच). डॉसला २ जीबीपर्यंत देता येतं, पण तिथं क्लस्टर (फायलीला मिळणारा जागेचा सर्वात लहान तुकडा) ३२ केबीचा होतो आणि छोट्या फायलीही तेवढी जागा अडवतात. ५१२ च्या आत तो ८ केबीवर राहतो. दुसरं प्रायमरी ९८ ला, ६ जीबी, फॅट३२. ८ जीबीच्या खाली क्लस्टर ४ केबीचा, शिवाय हे दोन्ही मिळून डिस्कच्या पहिल्या ८.४ जीबीत बसतात. ती १०२४ सिलिंडरची जुनी हद्द, डॉस ६.२२ तिच्यापलीकडे पाहूच शकत नाही. तिसरं प्रायमरी एक्सपीला, १५ जीबी, एनटीएफएस. उरलेलं एक्स्टेंडेड, म्हणजे पोटात आणखी भाग घेणारं: त्यात सामाईक फायलींसाठी फॅट३२, मग डेबियन, मग स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा).

एक्स्टेंडेडचा प्रकार (टेबलातल्या नोंदीतला आकडा) ०५ ठेवायचा नाही, ०एफ ठेवायचा. ०५ असेल तर डॉसला ते ओळखू येतं आणि आपल्या आवाक्याबाहेरच्या जागेवर तो चुकीचं लिहू शकतो. ०एफ त्याला कळतच नाही. इथं त्याचं अज्ञान आपल्या फायद्याचं.

मंगळवार.

पार्टिशन जीपार्टेडनं (लिनक्सचं भाग पाडायचं साधन) पाडावीत, पण अलाइनमेंट (पार्टिशनची सुरुवात कुठं जुळवायची ते) ‘सिलिंडर’ निवडून. आपोआप येणारी ‘एमआयबी’ आजकालच्या डिस्कना ठीक, डॉसला मात्र पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू झालेलं आवडतं. फॅट१६ वरचा एलबीए फ्लॅग काढायचा, नाहीतर प्रकार ०६ ऐवजी ०ई होतो आणि डॉस म्हणतो डिस्कच नाही. एक्स्टेंडेडवर मात्र तोच फ्लॅग लावायचा, म्हणजे ०एफ होतं.

फॉरमॅट ज्याचं त्यानंच करावं. लिनक्सच्या साधनानं केलेल्या फॅटच्या बूट सेक्टरमध्ये डॉसचा कोड नसतो. म्हणून डॉसच्या फ्लॉपीवरून ‘फॉरमॅट सी: /एस’. पण त्याआधी ‘व्हॉल सी:’ मारून नाव वाचायचं. जीपार्टेडमध्येच प्रत्येकाला नाव देऊन ठेवलं की भलतंच पार्टिशन पुसलं जात नाही. ही सवय सोडू नये.

९८ च्या आधी पहिलं पार्टिशन लपवलं (प्रकार ०६ चा १६ होतो) आणि बूट फ्लॅग (इथून सुरू करा ही खूण) दुसऱ्यावर. आता ९८ ला स्वतःचं पार्टिशन सी: म्हणून दिसतं. सीडीवरचं विन९८ फोल्डर आधी डिस्कवर कॉपी करायचं आणि सेटअप तिथूनच चालवायचा. पुढं प्रत्येक ड्रायव्हर सीडी मागतो, तेव्हा तेच फोल्डर दाखवता येतं.

बुधवार.

क्रम कायम जुन्याकडून नव्याकडे. ९८ चा सेटअप एमबीआर न विचारता नव्यानं लिहितो, एक्सपीही लिहितो. उलट क्रमानं गेलं तर आधीचं बूट होत नाही आणि रिकव्हरी कन्सोलमध्ये फिक्सबूट, फिक्सएमबीआर करत बसावं लागतं.

एक्सपीसाठी पहिली दोन्ही लपवली, बूट फ्लॅग तिसऱ्यावर. सेटअपच्या निळ्या पडद्यावरच्या यादीत तिसऱ्यासमोर सी: हे अक्षर आहे ना ते बघायचं. दुसरं काही असेल तर एफ३ दाबून बाहेर. हे केलं नाही तर एक्सपी स्वतःच्या एनटीएलडीआर आणि बूट.आयएनआय या सुरू व्हायच्या फायली डॉसच्या किंवा ९८ च्या पार्टिशनवर नेऊन ठेवतं, आणि पुढं ते पार्टिशन फॉरमॅट केलं की एक्सपीही जातं. एकदा सी: मिळालं की रजिस्ट्रीत नोंद होते, नंतर शेजारी उघडे केले तरी अक्षर बदलत नाही.

साटा डिस्क वापरणाऱ्यांसाठी: ०x७बी चा (डिस्क सापडत नसल्याचा) निळा पडदा आला तर बायोसमध्ये एएचसीआय (साटाचा नवा मोड) बंद करून आयडीई मोड लावा. ड्रायव्हर एफ६ च्या फ्लॉपीवर देता येतो, पण ती फ्लॉपी शोधण्यापेक्षा हे सोपं.

मराठीसाठी रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायची. मग मंगल फाँट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतात. ९८ मध्ये तशी सोय नाही, तिथं प्रेसचे जुने फाँटच. म्हणून जुना मजकूर ९८ मध्ये उघडायचा, सामाईक पार्टिशनवर टाकायचा आणि युनिकोड करायचं काम एक्सपीत.

गुरुवार.

डेबियन १२ ची ३२-बिट आवृत्ती शेवटी. ग्रब (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा प्रोग्रॅम) एमबीआर आणि पहिलं पार्टिशन यांच्या मधल्या ६२ सेक्टरांत बसतो, म्हणजे ३१ केबी. ओएस-प्रोबर (बाकीच्या सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) आता आपोआप चालत नाही आणि चालला तरी लपवालपवी त्याला जमत नाही, म्हणून मेनू ४०_कस्टम या फायलीत हातानं. ९८ साठी: ग्रबच्या पार्टटूलनं एमएसडॉस१ ला (म्हणजे पहिल्या पार्टिशनला) ‘हिडन+’, एमएसडॉस२ ला ‘हिडन- बूट+’, रूट म्हणून एमएसडॉस२, आणि ‘चेनलोडर +१’ (त्या पार्टिशनचा बूट सेक्टर चालवणारी आज्ञा). डॉससाठी एमएसडॉस१ उघडं आणि बूट+. बाकीची फॅट३२ आणि एनटीएफएस त्याला वाचताच येत नाहीत, लपवायची गरज नाही. शेवटी अपडेट-ग्रब.

घड्याळ: विंडोज स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). साडेपाच तासांचा फरक दिसला की बॅटरी बदलायला धावू नका, ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ एवढंच करा.

शुक्रवार, वीज येऊन-जाऊन.

फॅटला जर्नल (अर्धवट लिहिणं सावरणारी नोंदवही) नसतं. पावसाळ्यात यूपीएसशिवाय हे मशीन चालवू नये, आणि दमट हवेनं रॅम दिसेनाशी झाली तर संपर्कपट्ट्या खोडरबरनं पुसून बघाव्यात. नेटला तर जोडूच नये. ९८ चा आधार २००६ मध्ये संपला, एक्सपीचा २०१४ मध्ये.

बॅकअप: डीडी या लिनक्सच्या आज्ञेनं पहिले ६३ सेक्टर एका फायलीत, आणि ‘एसएफडिस्क -डी’ चा मजकूर (सगळ्या पार्टिशनांची यादी) दुसऱ्या, कारण एक्स्टेंडेडमधल्या नोंदी पहिल्या सेक्टरमध्ये नसतातच. नुसता बूट कोड परत टाकायचा असेल तर ४४६ च बाइट लिहायचे. ५१२ लिहिले तर मधल्या काळात बदललेलं पार्टिशन टेबलही जुनं होतं. दोन्ही फायली पेनड्राइव्हवर, आणि टेबलाची एक छापील प्रत कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेली.