८० टक्क्यांचं कलम

८० टक्के. युरोपीय संघाच्या २०२२च्या किमान वेतन निर्देशातलं (म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमातलं) कलम ४ आज पुन्हा वाचलं आणि हा आकडा काही केल्या डोक्यातून जाईना.

ज्या देशात ८० टक्क्यांहून कमी कामगार सामूहिक करारांखाली, म्हणजे कामगार संघटना आणि मालकांनी मिळून केलेल्या पगाराच्या करारांखाली, येतात, तिथल्या सरकारनं कृती आराखडा करायचा. बरं, आराखडा करूनही आकडा हलला नाही तर? काही नाही. निदान पाच वर्षांतून एकदा तो तपासून बघायचा. म्हणजे कागद करणं सक्तीचं, ८० गाठणं नाही!

याला पळवाट म्हणवत नाही, नाइलाज आहे. संघाच्या मूळ करारातलं कलम १५३ पगार ठरवण्याचा अधिकार ब्रसेल्सला, म्हणजे संघाला, देतच नाही. याच मुद्द्यावर डेन्मार्क संघाच्या कोर्टात गेला. नोव्हेंबर २०२५च्या निकालात निर्देशाचा बराचसा भाग टिकला, पण किमान वेतन ठरवताना कोणते निकष धरायचेच, ती यादी गळाली. गंमत म्हणजे डेन्मार्कमध्ये कायद्यानं ठरलेलं किमान वेतनच नाही. तिथं संघटना आणि मालक समोरासमोर बसून पगार ठरवतात, आणि बहुतेक कामगार त्या करारांत येतात.

फ्रान्सचं वेगळंच. संघटनेचा सभासद साधारण दहांत एक, तरी जवळजवळ सगळे कराराखाली. कारण झालेला करार सरकार त्या अख्ख्या उद्योगाला लागू करून टाकतं.

आकडा झकास. पण ज्यानं ना वर्गणी भरली, ना कधी बैठक पाहिली, त्याचा त्या करारात आवाज कितीसा?