तुम्ही विचारलंत म्हणून: जनुक सापडलं, मग औषध कुठे अडलं?

स्नायू आणि मज्जातंतूंच्या आनुवंशिक आजारांवर काम करते असं सांगितलं की मला हमखास विचारलं जातं, "डुशेनचं जनुक 1986 मध्येच सापडलं ना? मग इतकी वर्षं तुम्ही करताय काय?" (डुशेन म्हणजे मुलग्यांचे स्नायू लहानपणापासून झिजवत नेणारा आजार.) पूर्वी राग यायचा. पण प्रश्न रास्त आहे.

पहिली अडचण आकाराची. डिस्ट्रोफिन या प्रथिनाचं हे जनुक डीएनएच्या सुमारे 22 लाख अक्षरांचं. त्यातल्या 79 एक्झॉन नावाच्या तुकड्यांत कामाचा मजकूर, तोच 11 हजार अक्षरांचा. आणि निरोगी जनुक स्नायूंत पोचवायला आम्ही ज्या विषाणूचा वापर करतो, त्यात जेमतेम पावणेपाच हजार अक्षरं मावतात. मजकूर कापल्याशिवाय गत्यंतर नाही. कापून चालेल, हा धीर एका रुग्णाने दिला. 1990 मध्ये नोंद झाली की त्याच्या जनुकाचा 46 टक्के मजकूरच गायब होता, तरी वयाच्या 61व्या वर्षी तो चालत होता.

मग एवढंसं गळालेली मुलं बारा-तेराव्या वर्षीच व्हीलचेअरवर का येतात? पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. "बबन लगेच बाहेर निघाला" हे वाक्य घ्या. त्यातला फक्त "ल" गळाला, तर पेशी वाचेल "बबन गेचबा हेरनि घाला". सगळा विचका. पण "लगेच" हा शब्दच गेला तर? "बबन बाहेर निघाला." घाई गेली, बबन मात्र निघाला. म्हणजे कधीकधी आणखी थोडं गाळलं तर वाक्य सुधारतं! एक्झॉन 51 वाचताना पेशीने तो गाळावा, असं औषध 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कागदावर मला ही युक्ती अजूनही देखणी वाटते. प्रत्यक्षात त्या औषधाने स्नायूंत तयार झालेलं डिस्ट्रोफिन सरासरी एक टक्क्याच्याही आत होतं, आणि फार तर सातात एका मुलाला ते लागू पडतं.

त्याच वर्षी स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीवरही (स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशीच मरत जाण्याचा आजार) औषध आलं, ते मात्र लहान बाळांना खरोखर जगवणारं. तिथे जनुक 1995 मध्ये सापडलं होतं, म्हणजे 21 वर्षं. तिथले संशोधक जास्त हुशार होते असं नाही (थोडे असतीलही). निसर्गाने त्या आजारात बिघडणाऱ्या एसएमएन1 या जनुकाची जवळपास तंतोतंत नक्कल, एसएमएन2, शेजारीच ठेवून दिली आहे. तिच्या वाचनात एक तुकडा बहुतेक वेळा गळतो. तो गळू द्यायचा नाही, एवढंच त्या औषधाचं काम. डिस्ट्रोफिनला असा जुळा भाऊ नाही.

इतकी वर्षं काय केलं, याच्या उत्तरात माझी एक चूकही येते. सुरुवातीच्या काळात एका मुलाच्या घरच्या सगळ्यांसमोर वंशावळ काढून मी सांगितलं, "हा दोष आईकडून येतो." पुस्तकात तसंच होतं. पण साधारण तीनातल्या एका मुलात हा बदल नव्यानेच झालेला असतो. आईची तपासणी आधी करायची, मग तोंड उघडायचं. मी उलट केलं. अहवाल आला, ती वाहक नव्हती. तोवर घरात जे बोलून व्हायचं ते बोलून झालं होतं.

तरी ती मुलाला घेऊन येत राहिली. त्याचे एक्झॉन 45 ते 50 गळालेले. बबनचं वाक्य मी पहिल्यांदा त्याच्यासाठीच कागदावर लिहिलं. त्याने ते नीट वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्यातलं 51 पण काढलं, तर बबन निघेल?"

निघेल, म्हटलं. किती लांब जाईल ते सांगता येत नाही.

"लगेच नाही ना पण," तो म्हणाला, आणि कागद घडी करून आईकडे दिला.