अभ्यासाची कवटी

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवते. आमच्या खात्यात पोलीस कशाला येतील असं लोकांना वाटतं, पण कुठे हाडं सापडली की फॉरेन्सिकवाले "हाडांतलं तुम्हालाच जास्त कळतं मॅडम" असं गोड बोलून ती आमच्याकडे सरकवतात. बरीचशी शेळीची किंवा कुत्र्याची निघतात, दोन ओळींचा रिपोर्ट, विषय संपला. ही त्यातली नव्हती, म्हणून लिहितेय.

त्या दिवशी फर्स्ट इयरची हेड-नेकची टेस्ट चालू होती. अकराच्या सुमारास एक तरुण पीएसआय आणि रिटायरमेंटला आलेले हवालदार दारात उभे. हवालदारांच्या हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, ओली, आतून घाम आलेली. (हाडं कागदात नाहीतर कापडात बांधून आणा हे मी आजवर किती पोलीस ठाण्यांना सांगितलं असेल देव जाणे.) त्यांनी पिशवीत हात घातला आणि डोळ्यांच्या खोबणींत दोन बोटं अडकवून, बादलीची कडी धरावी तशी कवटी वर काढली. माझी पोरं एका सुरात "आऽऽ" ओरडली. कारण पहिल्याच दिवशी मी त्यांना दम दिलेला असतो की कवटी खोबणीतून उचलाल तर टेबलावरून हाकलीन, तिथली नाकाकडची भिंत कागदाइतकी पातळ असते, उजेडासमोर धरली तर पलीकडचा उजेड दिसतो. खोबणीतलं अश्रूंच्या पिशवीपाशी असलेलं हाड तर करंगळीच्या नखाएवढं.

केस अशी होती. तालुक्याच्या गावी एक जुना वाडा पाडत होते, जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर कवटी आली. ड्रायव्हर मशीन चालूच ठेवून पळाला. कवटीला कानाच्या वर दोन्ही बाजूंना मोठे लाल गोल काढलेले, मागेही लाल-निळे डाग, झालं, कोणीतरी नारळ-लिंबू ठेवलं, कोणी करणी म्हणालं, आणि तासाभरात गावच्या यूट्यूब चॅनेलवाल्याने 'वाड्यात नरबळी?' असं प्रश्नचिन्ह लावून सोडून दिलं. प्रश्नचिन्ह लावलं की काहीही बोलायची मुभा असते त्या लोकांना.

पोलिसांची थिअरीसुद्धा फार मागे नव्हती. कवटीची टोपी करवतीने गोल कापलेली, वेगळी निघत होती. कापाच्या वर-खाली बारीक भोकं. आणि कपाळावर बरोबर मधोमध, नाकाच्या मुळापासून थेट वर गेलेली चीर. पीएसआय म्हणाले, "मॅडम, कुऱ्हाडीचा घाव आहे ना हा?" त्यांच्या पत्रात नेहमीचे प्रश्न होतेच. हाडे मानवी आहेत काय, स्त्री की पुरुष, वय किती, मृत्यू होऊन किती काळ लोटला, मृत्यूचे कारण काय, अभिप्राय मिळणेस विनंती.

मी भिंग घेतलं. घावाची चीर सरळ जाते, नाहीतर फाटे फोडते. ही वेडीवाकडी होती, दोन्ही काठांचे दात एकमेकांत बसलेले, झिपर लावल्यासारखे. कपाळाचं हाड जन्मताना दोन भागांत असतं, मधली शिवण लहानपणीच बुजते, पण काही जणांची आयुष्यभर तशीच राहते. तिला मेटोपिक सुचर म्हणतात. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी हातात धरून पाहिलेली ही तिसरी, त्यामुळे खरं सांगते, मला आनंदच झाला आणि तो चेहऱ्यावर दिसला असणार, कारण पीएसआय जरा विचित्र नजरेने बघायला लागले.

हवालदार म्हणाले, "म्हणजे डोक्याला जोड असतात? मला वाटायचं कवटी म्हणजे एकच हाड." म्हटलं काका, खालचा जबडा धरून २२, मेंदूभोवती ८ आणि चेहऱ्याची १४, हलणारा एकटा जबडा, आणि तोच तुम्ही आणला नाहीत. तो शेवटपर्यंत सापडला नाही. डाव्या गालाची कमान जेसीबीने मोडलेली, मोड पांढराशुभ्र, बाकीचं हाड पिवळट. म्हणजे मोड ताजा. तेवढी एकच 'जखम' खरी, आणि ती आरोपीच्या नावासकट माहीत होती.

मग मी ते लाल गोल नीट बघितले आणि मला हसू आलं. चघळताना कानशिलावर जो स्नायू हलतो ना, टेम्पोरॅलिस, तो जिथून निघतो तिथली ती बाह्यरेषा होती. स्नायू सुटतो तिथे लाल, चिकटतो तिथे निळा, हा आमच्याकडचा जुना रिवाज, मी स्वतः असे रंग मारलेत. भोकं होती ती टोपी अडकवायच्या हुकांची. हाड गुळगुळीत, हाताळून हाताळून तेलकट झालेलं, मातीतल्या हाडासारखं खरबरीत नाही. आणि खात्री झाली ती कवटी उलटी केल्यावर. तळाला भोकांशेजारी शाईच्या पेनाने मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात नावं लिहिलेली, आणि त्यातल्या एका टाचणीएवढ्या भोकात, फोरामेन स्पायनोसममध्ये, खराट्याची हीर मोडून अडकलेली. कवटी शिकलेल्या कुणालाही ही हीर कळेल. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) हातात हीर देतो आणि म्हणतो, घाल, कुठे निघते सांग.

त्याच भोकातून मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी आत येते. टोपी उलटी करून मी हवालदारांना तिच्या खुणा दाखवल्या, आतल्या बाजूला पिंपळाच्या पानाच्या शिरांसारखी चरं उमटलेली असतात. कानशिलाजवळ जिथे चार हाडं एकत्र येतात तिथे हाड पातळ आणि बरोबर मागे ही वाहिनी, तिथे मार लागला तर आत हळूहळू रक्त साठतं, माणूस बोलत असतो आणि मग जातो. हवालदार गप्प झाले. म्हणाले, "आमच्या नाक्यावर एक पोरगा असाच गेला मॅडम. गाडीवरून पडला, उठला, पाणी प्यायला, मी ठीक आहे म्हणाला. आम्ही त्याला घरी सोडला." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तर ती बोन सेटमधली, म्हणजे विद्यार्थी शिकायला घेतात त्या खऱ्या हाडांच्या संचातली, कवटी होती. वाड्याचे मालक पुण्यात, त्यांना फोन लावला, त्यांचं पहिलं वाक्य "आमचं नाव पेपरात नाही ना येणार?" मग त्यांना आठवलं, त्यांचे काका डॉक्टर होते, साठच्या दशकात शिकले, माळ्यावर त्यांची ट्रंक होती. काकांनी एक चूकही करून ठेवली होती. कानामागच्या उंचवट्यावर मानेचा मोठा स्नायू येऊन चिकटतो, तिथे निळा हवा, काकांनी लाल मारलेला. वायवात नक्की अडकले असणार.

पीएसआय एकदम सैलावले. "म्हणजे काही नाही ना मॅडम, अभ्यासाची कवटी." चहा झाला. टेस्ट अर्धवट सोडून पोरं भोवती जमली होती, मी पण रंगात येऊन खोबणीची वरची कड धारदार, कानामागचा उंचवटा लहान, भुवईचं हाड सपाट असं एकेक दाखवत गेले. तळाचा सांधा जुळलेला, म्हणजे वाढ पूर्ण झालेली. एक अक्कलदाढ पूर्ण आलेली, दुसरी अर्धी वर. बहुधा बाई. वय अठरा ते पंचवीस. कंबरेचं हाड नसताना यापेक्षा ठाम बोलायला मी तयार नसते.

हवालदारांनी विचारलं, "पण मग ही पोरगी कोण?"

पीएसआय म्हणाले, "अहो, अभ्यासाची आहे सांगितलं ना." त्यांनीच आधी डीएनए करूया का विचारलं होतं, मी म्हटलं होतं, जुळवणार कोणाशी?

मी हवालदारांना मला माहीत होतं ते सांगितलं. बेवारस मृतदेह मेडिकल कॉलेजांना देता यावेत म्हणून आपल्याकडे १९४९ चा अ‍ॅनाटॉमी कायदा (नावात पूर्वी मुंबई, आता महाराष्ट्र) आहे. पण बोन सेटचा बाजार वेगळाच होता. कोलकाता त्याचं मोठं केंद्र, तिथून जगभर सांगाडे जायचे, परदेशातले डॉक्टरसुद्धा आपल्याच गरिबांच्या हाडांवर शिकले. सरकारने १९८५ मध्ये निर्यात बंद केली. ही त्यातली असेल, नसेल. मी माझा सेट सीनियरकडून घेतला आणि ज्युनियरला विकला, त्याआधी तो कुठून आला हे आमच्यापैकी कुणी कुणाला विचारलं नाही. आईने तो घरात घेऊ दिला नाही म्हणून सुट्टीत हॉस्टेलच्या रेक्टरच्या गोदामात ठेवला होता, एवढंच मला त्याचं आठवतं. माझ्या कवटीचे दात कसे होते तेही आठवत नाही.

रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी लिहिला. मानवी, बहुधा स्त्री, १८ ते २५, शैक्षणिक वापरासाठी तयार केलेली, मारहाणीच्या खुणा नाहीत. मृत्यूचे कारण, सांगता येत नाही. खून असता तर याच उत्तरावर मला कोर्टात तासभर उभं केलं असतं. इथे कोणी एक फोनही केला नाही. पत्र गेलं, कागद बंद झाला.

कवटी न्यायला अजून कोणी आलेलं नाही. मी दोनदा फोन केला, "पाठवतो मॅडम माणूस." आमचे एचओडी (खातेप्रमुख) खूश आहेत, म्युझियममध्ये मेटोपिक सुचरचा नमुना नव्हता, आता आयता मिळाला. नियमाने तो पोलिसांचा मुद्देमाल आहे असं मी म्हणते, ते म्हणतात कोण विचारतंय. लेबलचं कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलंय, नमुना क्रमांक, नाव, कोठून प्राप्त, अशा तीन ओळी. पहिली भरलीये. ती हीर मी अजून काढलेली नाही, ओढली तर तुटेल.