पोळी घरच्याच गव्हाची होती

इंदूरमधे गेली २२ वर्षं मी सोनोग्राफी करतेय. राजवाड्यापासून फार लांब नाही, त्यामुळे आपली मराठी कुटुंबं बरीच येतात. मागच्या मार्चमधली एक सकाळ सांगायचीये.

१९ आठवड्यांची केस, पहिलंच बाळंतपण, सोबत सासूबाई. प्रोब ठेवला आणि आधी डोकंच दिसलं, पुढून दोन्ही बाजूंनी चेपलेलं, लिंबासारखं, आम्ही त्याला लेमन साइनच म्हणतो, मग छोटा मेंदू बघितला तर तो केळ्यासारखा वाकून खाली ओढला गेलेला, म्हणजे पाठ बघायच्या आधीच मला कळलं होतं काय सापडणारे ते. कमरेपाशी मणके मागून उघडे आणि पातळ पिशवीसारखं काहीतरी बाहेर आलेलं. स्पायना बायफिडा. मुलगी स्क्रीनकडे बघत विचारत होती, मॅडम, हात दिसतात का? हात अगदी छान दिसत होते.

बाहेर येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अहो पण मॅडम, आम्ही हिला बाहेरचं काही खाऊच दिलं नाही. गहूसुद्धा वर्षाचा भरतो, शरबती, निवडून चक्कीवरनं दळून आणतो. पाकिटाचा आटा आमच्याकडे येतच नाही."

मी फाइल बघत होते. फोलिक ॲसिडची गोळी नवव्या आठवड्यापासून सुरू, एकही चुकवलेली नाही.

नववा आठवडा! बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, ती नीट मिटली नाही की स्पायना बायफिडा होतो, आणि फोलिक ॲसिड ती मिटायला मदत करतं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कितीतरी जणींना तोवर दिवस गेलेत हेच माहीत नसतं. गोळी मनापासून घेतली पण ती पोचली तेव्हा काम संपलेलं होतं, आणि यात त्या मुलीची काडीचीही चूक नाही. मेथी, पालक, डाळी सगळ्यात फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप, असतं पण शिजवताना बरंचसं जातं. म्हणून मला वाटतं ते रोजच्या खाण्यातच आधीपासून असायला हवं, कोणी आठवण न करता. आधीचं बाळ असं झालेल्या बायकांवरचा मोठा अभ्यास १९९१ मधे आला, गर्भधारणेच्या आधीपासून ४ मिलिग्रॅम रोज दिलं तर ७२ टक्के केसेस टळल्या. अमेरिकेने १९९८ पासून मैद्यात ते घालणं सक्तीचं केलं, १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे आट्यासाठी नियम आहे, पाकिटावर वरून पोषक घटक घातल्याचा तो निळा +एफ शिक्का असतो ना तोच, पण कंपनीची मर्जी असेल तर, आणि प्रमाण किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. किलोला! मुलीने दिवसाला पाव किलो आट्याच्या पोळ्या खाल्ल्या तरी जास्तीत जास्त ३० च्या आसपास, आणि हवेत ४००.

त्यातून माळव्यात घरोघरी गहू भरून चक्कीवर दळायची पद्धत, मग पाकिटात कितीही घाला, या घरात ते कसं शिरणार? पोळी चुकीची नाहीये हो, मीही चक्कीचंच पीठ खाते. पण मीठ तर सगळेच विकत आणतात, आयोडीन आपण मिठातूनच घरोघरी पोचवलं, मग फोलिक ॲसिड का नाही? आपल्याकडे मिठात घालून बघायचे प्रयोग झालेत, बायकांच्या रक्तातलं प्रमाण चांगलं वाढलं. हे लवकर व्हायला हवं असं मला फार, फार वाटतं. शाकाहारी घरांत बी१२ पण कमी असतं, ते सोबतच बघायला हवं.

तिला पुढच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी काय ठरवलं ते इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. इतकंच समजावलं की पुढच्या वेळी मोठा डोस, ५ मिलिग्रॅमची गोळी, आणि ती दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून, डॉक्टरांना विचारून.

सून रिक्षात बसली. सासूबाई जिना परत चढून वर आल्या, दम लागला होता. "मॅडम, आमच्या धाकटीचं वैशाखात लग्न आहे. तिला आत्तापासून दिली तर चालेल का? लग्नाआधीच? लोक काय म्हणतील?"

"चालेल काकू," मी म्हटलं, "आजपासूनच द्या," आणि ४०० मायक्रोग्रॅमची गोळी चिठ्ठीवर लिहून दिली.