हेअर ड्रायर, टीटीचा बॉल आणि माझी बंद झालेली बोलती

लेकीला सायन्स प्रोजेक्टला "वाहती हवा" असा विषय आला, मला वाटलं अर्ध्या तासात उरकेल, रविवार गेला अख्खा.

सुरुवात सोप्पी होती. वहीच्या कागदाची वीतभर लांब पट्टी कापायची, एक टोक खालच्या ओठाशी धरायचं आणि वरून जोरात फुंकायचं, लोंबणारी पट्टी वर उचलली जाते. मी लगेच शाळेत पाठ केलेलं ठोकून दिलं, हवेचा वेग वाढला की दाब कमी होतो, बर्नुलीचं तत्त्व, १७३८ सालचं पुस्तक वगैरे. तर पोरीने काय केलं, तीच पट्टी सरळ खाली लटकत धरली आणि वरून खाली फक्त एका बाजूने फुंकलं. पट्टी ढिम्म. "बाबा, वेग तर वाढला, मग ही का नाही ओढली जात?" घ्या!

मग शोधाशोध केली तर कळलं की नुसतं फुंकलं म्हणून फुंकरीतला दाब आजूबाजूपेक्षा कमी होत नाही. वाकलेल्या पट्टीवरून जाताना हवा तिला चिकटून वळते, आणि हवा वळली की वळणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे पट्टीलगत, दाब कमी होतो. सरळ पट्टीला वळणच नाही. या चिकटून वळण्याला कोआंडा इफेक्ट म्हणतात, रोमानियन इंजिनियर हेन्री कोआंडाच्या नावावरून. खात्री करायला गोल बाटलीमागे मेणबत्ती लावली (आधी पंखा बंद करा, आम्ही तीन काड्या फुकट घालवल्या), समोरून बाटलीवर फुंकलं, मागची ज्योत विझली. बाटलीऐवजी चौकोनी खोकं ठेवलं तर नुसती थरथरली.

मग बायकोचा ड्रायर आला, गार हवेवर. टीटीचा बॉल हवेत वीतभर वर थरथरत राहतो. ड्रायर हळूहळू तिरका केला तरी पडत नाही राव! बोटाने बाजूला ढकलला तरी परत झोतात. कारण तेच, बॉल झोताच्या कडेला गेला की हवा त्याला वळसा घालून बाहेर वळते आणि त्या बदल्यात बॉल आत ढकलला जातो. हे मी वीस वेळा तरी करून बघितलं, प्रोजेक्ट कोणाचा असा प्रश्न बायकोने दोनदा विचारला.

चार्टवर लेकीने लिहिलं, "सरळ पट्टी हलली नाही. बाबांना कारण माहीत नव्हतं." दुसरं वाक्य खोडायला लावलं मी, पण तिने असं खोडलंय की वाचता येतं.